नजरेआडचे काम कोणी सांभाळायचे?

१९४० च्या मार्च महिन्यात वर्ध्याजवळच्या सेगावचे नाव बदलून सेवाग्राम झाले. कारण अगदी व्यवहारी होते. बुलढाणा जिल्ह्यात, मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावर, गजानन महाराजांचे शेगाव आहे आणि गांधीजींचे टपाल तिकडे जाऊन पडे. ज्याचा देशभरचा कारभार कागदावर चालतो, त्याला पत्त्याचा असा घोळ परवडत नाही. शेवटी गावाचेच नाव बदलले.

कारभार खरोखरच देशभरचा होता. अखिल भारत चरखा संघाच्या शाखा प्रांतोप्रांती पसरलेल्या. ग्रामोद्योग संघ वर्ध्यात मगनवाडीला, जे. सी. कुमारप्पांच्या हाती. हिंदुस्तानी तालिमी संघ सेवाग्रामातच, आर्यनायकम पती-पत्नींकडे. ‘हरिजन’चा मजकूर इथे लिहायचा आणि छापखाना कधी पुण्यात, कधी अहमदाबादेत. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी इथे राहायला आले तेव्हा गावाला ना पक्का रस्ता होता, ना टपाल कचेरी. पुढे व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी संपर्कासाठी टेलिफोन बसवून दिला. तो आजही आश्रमात ‘बापूंचे दफ्तर’ पाहताना दिसतो. आज जिला ‘रिमोट टीम’ म्हणतात, तशा टीमचे मुख्यालय इथे एका मातीच्या घरात होते आणि काम करणारी बहुतेक माणसे प्रमुखाच्या नजरेआड होती.

गांधीजींना मॅनेजर म्हटलेले काहींना रुचणार नाही. पण हिशेब पैपैचा मागणारा, पत्राला उत्तर वेळेवर देणारा आणि कामाची वाटणी माणूस पाहून करणारा हा गृहस्थ उत्तम व्यवस्थापक होता. आणि काही बाबतींत, पुढे येईलच, वाईटही. घरून कामाच्या आजच्या वादाकडे सेवाग्रामहून पाहायचे ते एवढ्यासाठी, की या वादातला जवळजवळ प्रत्येक प्रश्न इथे एकदा येऊन गेला आहे.

२४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. हिंजवडी, खराडी, ऐरोलीतली टेबले एका आठवड्यात ओस पडली. वर्धा, हिंगणघाट, आर्वीची मुले लॅपटॉप घेऊन गावी आली आणि माजघरातल्या कोपऱ्यात बसून अमेरिकेतल्या ग्राहकांची कामे करू लागली. कंपन्या बुडाल्या नाहीत. तरीही दोन-तीन वर्षांत ‘ऑफिसला या’चे ई-मेल सुरू झाले आणि प्रश्न उभा राहिला तो एकच: घरी बसलेला माणूस खरेच काम करतो का? माझ्या मते हा प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला जातो आहे. अंतर वाढले की कामगारापेक्षा मॅनेजरचे काम वाढते, जवळपास दुप्पट होते, आणि ते करायची तयारी फार थोड्यांची असते. पण हे म्हणण्याआधी संशोधन काय सांगते ते पाहायला हवे, कारण ते माझ्या सोयीचे सगळे सांगत नाही.

सर्वांत गाजलेला प्रयोग शांघायच्या सी-ट्रिप या प्रवास कंपनीतला. २०१०-११ मध्ये नऊ महिने, निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी कॉल सेंटरमधल्या इच्छुक कर्मचाऱ्यांपैकी काहींना सोडत काढून घरी पाठवले, बाकीच्यांना ऑफिसात ठेवले. घरच्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. त्यातले ९ टक्के निव्वळ जास्त वेळ फोनवर बसल्याने, म्हणजे आजारपणाच्या रजा आणि मधली विश्रांती कमी झाल्याने; ४ टक्के मिनिटाला जास्त कॉल घेतल्याने. नोकरी सोडणारे निम्म्यावर आले. हा आकडा आपल्याकडे हजार वेळा सांगितला गेला. त्यामागच्या अटी मात्र फारशा कोणी सांगत नाही. भाग घेणाऱ्याकडे ब्रॉडबँड हवे होते, बसायला स्वतंत्र खोली हवी होती, कंपनीत सहा महिने काढलेले हवे होते; आणि आठवड्याचा एक दिवस ऑफिसात यायचेच होते. शिवाय काम मोजता येणारे होते. एवढे सगळे असूनही प्रयोग संपल्यावर घरी बसलेल्यांपैकी सुमारे निम्मे लोक एकटेपणाला कंटाळून ऑफिसात परतले. आणखी एक काटा होता. कामगिरी तेवढीच असूनही घरून काम करणाऱ्यांना बढती कमी मिळाली. साहेबाला जो दिसत नाही, तो बढतीच्या यादीतही दिसत नाही.

आता चेन्नईकडे वळू. डेव्हिड ॲटकिन, अँटोनेट शोर आणि सुमित शिंदे यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास डेटा एंट्रीच्या कामगारांवर आहे. इथेही सोडत काढून कोणी घरी, कोणी ऑफिसात. निकाल उलटा: घरच्यांची उत्पादकता १८ टक्क्यांनी कमी. त्यातला सुमारे दोन तृतीयांश फरक पहिल्याच दिवशी दिसला. उरलेला पुढे वाढत गेला, कारण ऑफिसातली मंडळी लवकर शिकली. आणि सर्वांत बोचरी गोष्ट अशी, की ज्यांना घरून काम हवे होते त्यांचाच घरी तोटा जास्त, २७ टक्के. ज्यांना ऑफिस हवे होते त्यांचा १३ टक्के. हे आळशीपणाने घडले असे समजणे सोपे आहे आणि चूक आहे. हा प्रकार सर्वांत ठळक दिसला तो लहान मुले, घरातल्यांची शुश्रूषा किंवा गरिबी ज्यांच्या वाट्याला होती त्यांच्यात. घर मागणाऱ्या बाईला घर हवे होते ते आरामासाठी नव्हे. तिला दुसरा रस्ताच नव्हता. दोन खोल्यांच्या घरात, कुकरची शिट्टी आणि मुलाचा अभ्यास सांभाळत केलेले काम कमी भरणारच. या अभ्यासाने माझ्या मताला धक्का दिला हे खरे, पण त्यातून ‘सगळ्यांना परत बोलवा’ हा निष्कर्ष निघत नाही. सगळ्यांना एकच नियम लावणारा मॅनेजर दोन्हीकडे चुकतो, एवढे मात्र निघते.

तिसरा अभ्यास आपल्या आयटीवाल्यांना सर्वांत जवळचा. आशियातल्या एका मोठ्या आयटी सेवा कंपनीतल्या १०,००० हून अधिक व्यावसायिकांची नोंदवही मायकेल गिब्ज, फ्रीडेरीके मेंगेल आणि क्रिस्टोफ सीमरोथ यांनी तपासली. टाळेबंदीत कामाचे तास वाढले, हातून निघालेले काम किंचित घटले, म्हणजे तासामागची उत्पादकता ८ ते १९ टक्क्यांनी उतरली. वेळ गेला कुठे? बैठकांत आणि समन्वयात. सलग, कोणी न अडवलेला वेळ कमी झाला आणि वरिष्ठाशी दोघांतच होणारे बोलणेही घटले. अख्ख्या टीमला बोलावून घेतलेले कॉल वाढले, एकेकट्याशी बोलणे आटले. हे पाप कोणाचे? लॅपटॉपपुढे रात्री दहापर्यंत बसलेल्या पोराचे नक्कीच नाही.

या तिन्हीच्या शेजारी २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला ट्रिप डॉट कॉमचा, म्हणजे त्याच जुन्या सी-ट्रिपचा, नवा प्रयोग ठेवला की चित्र बरेच स्पष्ट होते. १,६१२ कर्मचारी, आठवड्यात दोन दिवस घरून काम. कामगिरीत फरक शून्य, सोडून जाणारे एक तृतीयांशाने कमी. मला त्यात आवडलेला आकडा मॅनेजरांचा आहे. प्रयोगाआधी त्यांचा अंदाज होता की उत्पादकता २.६ टक्क्यांनी घसरेल. अनुभव घेतल्यावर तेच मॅनेजर म्हणाले, १ टक्क्याने वाढली. काम होते तसेच राहिले. बदलले ते त्यांचे मत. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२२ मध्ये ११ देशांतल्या २०,००० लोकांची पाहणी छापली होती. तीत ८७ टक्के कर्मचारी म्हणत होते, आम्ही चोख काम करतो. आणि ८५ टक्के वरिष्ठ म्हणत होते, माणसे काम करताहेत याची खात्री वाटणे अवघड झाले आहे. दोघेही प्रामाणिक असतील. ज्याला काम कसे ओळखायचे हेच ठाऊक नाही, त्याला खात्री वाटणार कशी?

काम ओळखायचे कसे, या प्रश्नावर आपल्याकडे एक मोठा प्रयोग झाला तो १९२४ च्या डिसेंबरात, बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनात. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते फक्त याच एका अधिवेशनात. तिथे ठरले, की काँग्रेसचा सभासद व्हायचे तर महिन्याला २,००० वार सूत द्यायचे. कातायचे घरी, वेळ ज्याचा त्याने काढायचा. स्वतः कातायची इच्छा नसेल तर दुसऱ्याकडून कातून घेतले तरी चालेल, अशी सवलतही ठेवली. म्हणजे घरून काम, आणि माप अगदी नेमके. झाले काय? ज्यांचा चरख्यावर विश्वास नव्हता त्यांनी सूत विकत घेऊन जमा केले, कित्येकांनी तेही केले नाही. नऊ महिन्यांत, सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याला नियम बदलावा लागला. सूत नाही तर वर्षाला चार आणे द्या, असा पर्याय आला. ज्यांना खरोखर कातायचे होते त्यांच्यासाठी त्याच बैठकीत चरखा संघ वेगळा निघाला.

मला हा प्रसंग व्यवस्थापनाच्या कोणत्याही पुस्तकापेक्षा मोलाचा वाटतो. माप नेमके असून भागत नाही. माणसाला त्या कामाचे प्रयोजन पटले नसेल तर तो माप पुरे करतो, काम नाही. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने २०२४ मध्ये डझनावर कर्मचाऱ्यांना काढले, कारण ते कीबोर्ड चालू असल्याचा आभास निर्माण करत होते. माऊस आपोआप हलवणारे यंत्र बाजारात मिळते. स्क्रीनवरचा हिरवा ठिपका पाहून काम मोजाल तर लोक तुम्हाला हिरवा ठिपका देतील. बेळगावात सूत विकत आले, इथे हालचाल विकत येते. चूक लबाडी करणाऱ्याची आहेच. पण ठिपक्याला काम समजणारा साहेबही तिचा वाटेकरी आहे. टीमवर नजर ठेवणारी सॉफ्टवेअरे विकत घेणाऱ्या कंपन्यांना मी हे बेळगावचे उदाहरण आवर्जून सांगेन.

चरखा संघाने नंतरच्या दहा वर्षांत जे शिकून घेतले ते मात्र वेगळे होते. आता सूत कातणारी माणसे सभासद किंवा पुढारी नव्हती. त्या खेड्यातल्या बायका होत्या, बहुतेक गरीब. चांदा जिल्ह्यातले सावली हे खादीचे मोठे केंद्र होते. अशा केंद्रांचा कार्यकर्ता गावी जाई, कापूस किंवा पेळू देई, कातलेल्या गुंड्या घेई, मजुरी चुकती करी. बाई घरी काय करते, किती वाजता कातते, हे कोणी पाहत नव्हते आणि पाहायची गरजही नव्हती. सुताचा नंबर, मजबुती आणि सारखेपणा हातात घेतल्यावर कळे. कमी पडले तर कारण शोधायचे: पेळू वाईट आहे का, चाती वाकडी आहे का, बाईला शिकवायला कोणी आले का? म्हणजे दोष आधी साहित्यात आणि शिकवणीत शोधायचा, माणसात नंतर. चरख्यात सुधारणा घडवावी म्हणून चरखा संघाने १९२९ मध्ये एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्या काळचे एक लाख! घरी काम करणाऱ्याचे हत्यार सुधारणे ही संस्थेची जबाबदारी, एवढा साधा विचार त्यामागे होता. आज किती कंपन्या कर्मचाऱ्याच्या घरच्या खुर्चीचे, विजेचे, इंटरनेटचे पैसे देतात हे ज्याचे त्याने आठवावे. वर्ध्याच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. कूलर घरचा, बिल घरचे, आणि भारनियमनात कॉल तुटला तर बोलणीही घरच्यालाच.

मजुरीचा प्रश्न आला १९३५ मध्ये. दिवसभर कातून बाईच्या हाती आणा-दीड आणाच पडतो, हे गांधीजींना खटकू लागले. खादी स्वस्त ठेवायची तर कातणारी अर्धपोटी, हा सौदा त्यांना मान्य होईना. संघाच्या शाखांचे म्हणणे मागवले गेले. विरोधही झाला: भाव वाढले तर खादी विकायची कशी? तरीही ऑक्टोबर १९३५ मध्ये वर्ध्याला चरखा संघाने ठराव केला, की आठ तासांच्या चांगल्या कामाला किमान मजुरी ठरवायची, आणि ती ठरवायची अन्नाच्या शास्त्रीय प्रमाणावरून आणि वर्षाला लागणाऱ्या कपड्यावरून. गांधीजींच्या मनात आठ आणे होते, प्रत्यक्षात गोष्ट तीन आण्यांच्या आसपास थांबली. तरी ही मोठी झेप होती. घरी, नजरेआड, तुकड्यावर काम करणाऱ्या बाईच्या मजुरीला जगण्याचा आधार लावून पाहणारा दुसरा ठराव त्या काळात आपल्याकडे मला सापडत नाही.

त्याच ठरावाच्या पोटात अडचणही होती. कातणाऱ्यांनी स्वतः खादी वापरावी, अशी अट जोडली गेली. आठ तासांची मजुरी दिली म्हणून घरात नेसायचे लुगडे कोणते हे सांगायचा हक्क मिळतो का? मला वाटते, नाही. आज कॅमेरा चालू ठेवा, मागची भिंत नीट दिसू द्या, मुलाचा आवाज येऊ देऊ नका, असे सांगणाऱ्या मॅनेजरला हेच विचारायला हवे. काम घरात आले म्हणून घर कंपनीचे होत नाही.

आता वाईट व्यवस्थापकाची गोष्ट. महादेवभाई देसाई गांधीजींचे सचिव, ‘हरिजन’चा सगळा भार त्यांच्यावर. गांधीजी सेगावला राहायला गेले आणि महादेवभाई कुटुंबासह मगनवाडीत राहिले. सकाळी कागदपत्रे घेऊन पायी सेगाव, संध्याकाळी पायी परत. दिवसाची ही चाल ११ मैलांची. कधी तीच वाट दोनदा तुडवावी लागे. विदर्भाच्या उन्हात. भारतातला सर्वांत कुशल संपादक-सचिव रोजचे तीन-चार तास रस्त्यावर घालवत होता, आणि त्याला पाठवणारा मनुष्य आरोग्यावर लेख लिहीत होता. १९३८ मध्ये महादेवभाईंची प्रकृती ढासळली. पुढे सेवाग्रामात त्यांच्यासाठी कुटी बांधली गेली. आश्रमात ती ‘महादेव कुटी’ म्हणून उभी आहे. १५ ऑगस्ट १९४२ रोजी आगाखान पॅलेसच्या कैदेत ते गेले, वयाच्या पन्नाशीत. ११ मैलांनी त्यांचा जीव घेतला असे मी म्हणणार नाही. पण ती चाल टाळता आली असती, आणि टाळण्याची जबाबदारी चालणाऱ्याची नव्हती. हिंजवडीच्या पुलावर रोज अडीच तास अडकणाऱ्याला आणि डोंबिवलीहून लोंबकळत येणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. महादेवभाई तक्रार करत नव्हते. चांगली माणसे करतच नाहीत. म्हणून तर विचारायचे काम वरच्याचे असते.

त्यांच्याशेजारी किशोरलाल मश्रुवाला ठेवून पाहा. दमा जन्माचा सोबती. गांधीजींच्या हत्येनंतर ‘हरिजन’ पत्रांची संपादकी त्यांच्याकडे आली आणि सप्टेंबर १९५२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ती वर्ध्यातून सांभाळली. छपाई अहमदाबादेत नवजीवनकडे. संपादक एका प्रांतात, छापखाना दुसऱ्या प्रांतात, मधे आगगाडीचे टपाल. त्यांना अहमदाबादेत येऊन टेबलावर बसण्याची सक्ती झाली असती तर तो दमेकरी संपादक किती दिवस टिकला असता? घरून काम म्हटले की आपल्यापुढे बर्म्युडातला तरुण येतो. मश्रुवालांसारखे आजारी, चाकाच्या खुर्चीतले, म्हाताऱ्या आई-वडिलांना सोडून जाता न येणारे, बाळंतपणानंतर कामावर परतणाऱ्या बायका, यांच्यासाठी हा सोयीचा नव्हे, कामात राहण्याचाच प्रश्न आहे. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्ती कायद्याने रजेनंतर घरून काम करण्याची तरतूद केली, पण ‘दोघांच्या संमतीने’. संमती कोणाची अडते ते उघड आहे.

हे सगळे चालत होते ते पत्रांवर. गांधीजींचे समग्र वाङ्मय शंभर खंडांचे आहे आणि त्यात पत्रांचा वाटा प्रचंड आहे. ती वाचताना व्यवस्थापनाची एक सवय सतत दिसते: पत्र माणसाला असते, मंडळाला नव्हे. तब्येतीची चौकशी, मग कामाचा एक मुद्दा, नेमके काय करायचे ते, आणि कित्येकदा ‘तुला पटत नसेल तर करू नकोस’ अशी मोकळीक. राजकुमारी अमृत कौर सिमल्याच्या घरी असत तेव्हा त्यांना सेवाग्रामहून जवळजवळ रोज पत्र जाई. उजवा हात दुखला की डाव्या हाताने. आणि सोमवारी मौन. मौनाच्या दिवशी काम थांबत नसे; चिठ्ठ्यांवर चाले, पण कोणी उगाच गप्पा मारायला येत नसे. आठवड्यातला एक अख्खा दिवस बैठकीविना! गिब्ज आणि मंडळींच्या अभ्यासातला हरवलेला सलग वेळ सेवाग्रामात असा राखून ठेवलेला होता. आजच्या टीम लीडला मौनव्रत सुचवण्याचा माझा धीर नाही, पण ‘बुधवारी कॉल नाही’ इतके तरी करता येते.

या पद्धतीची मर्यादाही मोठी होती. सगळे धागे एका हातात. आश्रमातली भांडणे, आहाराचे प्रयोग, प्रांतिक काँग्रेसचे वाद, सगळे बापूंपुढे. ते तुरुंगात गेले की कामे खोळंबत. कुमारप्पांसारख्या स्वतंत्र बुद्धीच्या माणसाला मगनवाडीत मोकळे रान मिळाले म्हणून ग्रामोद्योग संघाने स्वतःचा विचार उभा केला. जिथे तसे नव्हते तिथे माणसे आज्ञेची वाट पाहत राहिली. १९४८ च्या मार्चमध्ये, हत्येनंतर सहा आठवड्यांत, देशभरचे कार्यकर्ते सेवाग्रामात जमले. नेहरू, विनोबा, राजेंद्रप्रसाद होते. पुढे कोणी सांगायचे, हाच प्रश्न सगळ्यांच्या मनात होता. त्यातून सर्व सेवा संघ निघाला. उत्तम व्यवस्थापकाने आपल्याशिवाय काम चालेल अशी सोय करून ठेवायची असते. ती इथे पुरती झाली नव्हती.

एका बाबतीत सेवाग्राम दूरच्या कामाच्या बाजूने उभे राहत नाही. शिकायला माणसाने माणसाजवळ यावे लागते, हे तिथे सगळ्यांनी गृहीत धरले होते. नई तालीमचे शिक्षक देशभरातून सेवाग्रामात येऊन राहत, शिकत आणि मग आपल्या गावी परतत. ग्रामोद्योगाचे कार्यकर्ते मगनवाडीत तेलघाणी, कागद, मधमाश्या शिकून जात. टपालाने सूचना जातात, हात जात नाही. चेन्नईच्या अभ्यासातला एक तृतीयांश फरक शिकण्याच्या वेगाचा होता. अमेरिकेतल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरांवर नतालिया इमॅन्युएल, एमा हॅरिंग्टन आणि अमांडा पॅलाइस यांनी केलेल्या अभ्यासातही शेजारी बसणाऱ्यांना कामावर सूचना जास्त मिळाल्या. फायदा नवख्यांचा झाला, वेळ मात्र अनुभवी मंडळींचा गेला. म्हणून नवीन भरतीला पहिले वर्ष ऑफिसात बोलावणे मला योग्य वाटते. पण मग शिकवणारे ज्येष्ठही तिथे हवेत. मुलगा वर्ध्याहून पुण्यात खोली घेऊन राहतो, ऑफिसात येतो, हेडफोन लावून बंगळुरूतल्या मॅनेजरशी कॉलवर बोलतो आणि परत जातो, हे ऑफिसही नव्हे आणि शिक्षणही नव्हे. भाडे मात्र महिन्याला खिशातून जाते.

आपल्या मोठ्या कंपन्यांचा प्रवास पाहिला तर घोळ दिसतो. टीसीएसने २०२० मध्ये जाहीर केले होते, की २०२५ पर्यंत २५ टक्क्यांहून जास्त माणसांना ऑफिसात यायची गरज उरणार नाही. ऑक्टोबर २०२३ पासून सगळ्यांना पाचही दिवस बोलावले. २०२४ मध्ये तर बदलता पगार हजेरीशी जोडला: ६० टक्क्यांपेक्षा कमी हजेरी तर तो शून्य. कंपनीला असे ठरवायचा अधिकार आहे आणि कारणेही असतील. ग्राहकाच्या माहितीची सुरक्षा हे खरे कारण आहे. विप्रोने सप्टेंबर २०२२ मध्ये ३०० जणांना चोरून दुसरी नोकरी केल्याबद्दल काढले, तेव्हा शंकेलाही आधार होता. पण कामगिरीसाठी असलेला पगार हजेरीला जोडणे म्हणजे कामगिरी मोजता येत नाही याची कबुली आहे. बिडी कारखानदार याहून सरळ होते. घरी वळलेली बिडी ‘छाट’ म्हणून नाकारायचे, त्यावरून भांडण व्हायचे. आणि १९६६ च्या बिडी-सिगार कामगार कायद्याने कच्चा माल देणे, बिडी नाकारणे, नाकारलेल्या बिडीची मजुरी, हे वाद चक्क राज्य सरकारने ठरवलेल्या अधिकाऱ्याकडे सोपवले. घरून काम करणाऱ्याच्या कामाचा दर्जा ठरवायचा एकतर्फी हक्क मालकाला नाही, हे आपल्या संसदेने साठ वर्षांपूर्वी लिहून ठेवले. सोलापूरच्या बिडी कामगार बाईला जो हक्क कागदावर होता, तो नागपूरच्या मिहानमधल्या इंजिनिअरला अप्रेझलच्या वेळी नाही.

बाकी कायदा इकडून तिकडून तुकड्यातुकड्यांत आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये दूरसंचार विभागाने कॉल सेंटरवरचे जुने निर्बंध उठवले, म्हणून घरून काम कायदेशीरदृष्ट्या सोपे झाले. सेवा क्षेत्रासाठीच्या आदर्श स्थायी आदेशांच्या मसुद्यात घरून कामाचा उल्लेख आहे, पण मालक परवानगी ‘देऊ शकतो’ इतकाच. घरून करायच्या कामाविषयीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९६ चा १७७ क्रमांकाचा करार भारताने स्वीकारलेला नाही. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क कायद्यात आहे. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी तसे विधेयक २०१८ मध्ये मांडले आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडले. ते खासगी विधेयक आहे. स्वातंत्र्यानंतर आजवर फक्त १४ खासगी विधेयके कायदा झाली, आणि त्यातले शेवटचे १९७० मध्ये.

तेव्हा टीम सांभाळणाऱ्यांनी संसदेची वाट पाहू नये. आपल्या हाताखालच्या प्रत्येकाचे काम कशावरून ओळखणार, ते त्याला लेखी सांगावे. घरी बसायला जागा आहे का, हे विचारावे आणि नसेल तर सोय करावी. रात्री नऊनंतर संदेश पाठवणार नाही, असे आजच लिहून द्यावे, आणि पाळावे.